सतरा नंबरचा बिल्ला

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे लोक बहुधा पेन्शन घेतलेले असतात. माझी नोकरी तीन वर्षांची आहे आणि अजून सुटलेली नाही. हे लिहून झाले की पाच वाजता मला दारावर बसायचे आहे. तेव्हा आठवणी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते ठाऊक नाही. संपादकांना मी तसे सांगितले. ते म्हणाले, तुम्ही त्या बंदूकवाल्या इनामदाराला बाहेर काढलेत म्हणे, तेवढे लिहा. ते प्रकरण गावात ज्या थाटात सांगतात त्या थाटात घडलेले नाही. निदान ते नीट सांगावे, एवढ्यासाठी लिहितो.

मी पंचवटीतल्या एका धर्मशाळेचा देवडीवाला आहे. देवडी म्हणजे मोठ्या दाराच्या आतली लहानशी ओसरी. धर्मशाळा एका व्यापाऱ्याने दोन पिढ्यांमागे बांधली. आता तिचा कारभार पाच पंच पाहतात, त्यांत मुख्य शेठजी, आणि रोजच्या कामाला कारभारी दामोदरपंत. सरकारी जागा नव्हे, खासगी. पण यात्रेकरूला तीन दिवस मोफत.

काम साधे आहे. यात्रेकरू आला की आधी पाणी द्यायचे. मग नाव, गाव, क्षेत्रोपाध्ये कोण, ते वहीत लिहायचे. मग त्याच्याजवळची काठी, छत्री घ्यायची, कोठीत ठेवायची आणि त्याला पितळेचा बिल्ला द्यायचा. भिंतीवर साठ खिळे आहेत, साठ बिल्ले. जाताना बिल्ला द्यावा, वस्तू न्यावी. दारावरच्या दगडात कोरलेले आहे: ‘काठी, छत्री, शस्त्र देवडीवर ठेवून आत जावे.’ फार पूर्वी विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून दोन गावांचे यात्रेकरू चौकात काठ्या घेऊन भिडले होते. तेव्हापासूनचा तो दगड.

याबद्दल मला एक खोली आणि एक वेळचे जेवण मिळते. खोली लहान आहे, पण तिला खिडकी आहे. ती नसती तर मी कॉलेजात नसतो. आमचा मळा दिंडोरीच्या बाजूला आहे; वडील झेंडू, शेवंती आणि वांगी लावतात. घराण्यात मराठी चौथीच्या पुढे कोणी गेलेले नाही. मॅट्रिक झाल्यावर वडील फुलांच्या पाटीसह मला घेऊन दामोदरपंतांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पोराला दारात बसवा, पन शिकू द्या." पंतांनी पाटीतले एक फूल उचलून देवापुढे ठेवले आणि मला बिल्ले मोजून घ्यायला सांगितले.

पहिल्या वर्षी मी नियमाचा फार कडक होतो. खेड्यातून आलेल्या माणसाला वाटते, लिहिलेले म्हणजे लिहिलेले. एका बैराग्याशी चिमटा हे शस्त्र की नव्हे यावर अर्धा तास वाद घातला. एकदा नवे जोडपे देवदर्शनाला आले. नवरदेवाच्या हातात कट्यार, टोकाला लिंबू टोचलेले. हळद उतरेपर्यंत ती हातची खाली ठेवत नाहीत, हे आमच्याकडेही आहे; पण दगडावर शस्त्र लिहिले आहे म्हणून मी हात पुढे केला. करवली माझ्या अंगावर धावून आली. तिच्या तोंडून मी जे ऐकले ते इथे लिहीत नाही. शेवटी दामोदरपंत आले आणि म्हणाले, "गणपत, लिंबू आहे तोवर ते शस्त्र नव्हे." हा निवाडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

पण सगळेच हसण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी सटाण्याकडची एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, हातात बाभळीची काठी. मी काठी मागितली. ती म्हणाली, "तो मना पाय शे, बेटा. पाय बी देवडीवर ठेवू का?" बाजूचे हसले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी अधिकच हट्टाला पेटतो. मी दगडाकडे बोट दाखवले. तिला वाचता येत नव्हते. तिने काठी दिली, बिल्ला पदराला बांधला आणि भिंत धरून, एकेक खांब गाठत, चौक ओलांडला. तिला किती वेळ लागला ते मी देवडीतून पाहत होतो. उठून हात धरायला गेलो नाही. दार सोडू नये असाही नियम होता.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली. तिने काठी आपणहून पुढे केली, मी घेतली नाही. वहीत काही लिहिलेही नाही. त्या दिवसापासून आधाराला लागणारी काठी मी आत जाऊ देऊ लागलो. कोणाला विचारले नव्हते. ही गोष्ट पुढे माझ्यावर उलटायची होती.

आता लहानूबद्दल लिहितो. त्याच्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

लहानू हरसूलकडचा. त्याच्याजवळ ठासणीची जुनी बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्याने मिळालेली. पावसाळ्याच्या अखेरीस तो परवान्याची मुदत वाढवून घ्यायला नाशिकला आला. बंदूक दाखवायला सोबत आणावी लागते. साहेब दौऱ्यावर होते. कचेरीतल्या कारकुनाने दोन दिवसांनी ये म्हटले. तो धर्मशाळेत आला, बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. मी विचारले तसे त्याने गोणपाट सोडून दाखवली. मी म्हणालो, आत नेता येणार नाही, इथे ठेवा. त्याने एकदा विचारले, "ठेवली तं चालंल ना, मास्तर?" माझ्या हातात पुस्तक होते म्हणून मी मास्तर. मी म्हणालो, चालेल, इथे सगळ्यांच्या वस्तू ठेवतो. आणि त्याच्या हातात सतरा नंबरचा बिल्ला दिला. छत्र्यांच्या रांगेत ती बंदूक उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार कासमभाई नेहमीप्रमाणे वही तपासायला आले. कायदेभंगाची चळवळ नुकतीच शमली होती. बंदूक दिसली की पोलिसांची झोप उडायची. त्यांनी कोठीत पाहिले आणि टोपी काढून घाम पुसला. मग मला समजेल असे सांगितले. परवान्यावर ज्याचे नाव, बंदूक त्याच्याच ताब्यात राहिली पाहिजे. दुसऱ्याच्या हाती देणे हा देणाऱ्याचा गुन्हा, आणि घेणे हा घेणाऱ्याचा. ठेवायचीच असेल तर ठाण्यावर, पावती घेऊन.

म्हणजे मी लहानूला गुन्हा करायला लावला होता, आणि त्याने तो माझ्या शब्दावर केला होता.

मला त्यांनी समज देऊन सोडले. कॉलेजचा विद्यार्थी, अजाण. लहानू अजाण होता असे कोणाला वाटले नाही. परवाना घेतलेल्या माणसाला माहीत असायला हवे, असे ठरले. बंदूक ठाण्यात गेली, परवाना चौकशीपर्यंत थांबला. चौकशी लवकर उरकावी म्हणून मी त्याच्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. इंग्रजीचा माझ्या हातून झालेला तो पहिला उपयोग. चौकशी संपल्याचे उत्तर आले तेव्हा पीक कापून झाले होते. हरसूलच्या एका यात्रेकरूने मला सांगितले, लहानूच्या नागलीत डुकरे शिरली, अर्धीअधिक गेली. मी विचारले, माझ्याबद्दल काही म्हणाला का? तो म्हणाला, "म्हनला, मास्तर मानूस बरा हाय, पन त्याला बंदुकीचं ठाव नवतं."

गोंधळात लहानूकडून बिल्ला घ्यायचा राहिला होता. सतरा नंबरचा खिळा तेव्हापासून रिकामा आहे.

मी कासमभाईंकडे जाऊन सगळे नीट विचारून घेतले. परवाना असलेला माणूस बंदूक उघडी खांद्यावर टाकून आमच्या दारात आला तर? ते म्हणाले, रस्त्यावर त्याला कोणी अडवणार नाही. पण जागा तुमची आहे. मालकाने किंवा मालकाच्या माणसाने जा म्हटले की त्याने गेले पाहिजे. फक्त ते साफ सांगायला हवे. "नरमाईनं बोला, मास्तर, पण चार लोकांसमोर साफ बोला. बघा, जमेल का, असं म्हणाल तर कुणी हलणार नाही."

हे मला अवघड होते. आमच्या धंद्यात दिवसभर ‘या’ म्हणायचे असते. आणि मी तर वर्गात प्राध्यापकांनी नाव घेतले तरी उठताना अडखळणारा. शेवटी सुभाषित पाठ करावे तसे मी ते वाक्य घाटावर जाऊन पाठ केले: बंदूक घेऊन आपल्याला इथे थांबता येणार नाही, आपण बाहेर जावे. धुणे धुणाऱ्या बाया वळून पाहत. दामोदरपंतांनाही सांगून ठेवले. ते म्हणाले, ठीक आहे. पण लहानूसारखे पुन्हा झाले तर खोली सोडावी लागेल.

गेल्या उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमारास, दारात मोटार थांबली. तिच्यातून एक उंच गृहस्थ उतरले. खांद्यावर दुनळी बंदूक, उघडी, नळ्या चकचकीत. मागे ड्रायव्हर आणि एक गडी. गड्याने मला सांगितले की हे अमुक गावचे इनामदार रावसाहेब, शेठजींचे व्याही, पूर्वेकडच्या दोन खोल्या उघडा. देवडीत सात-आठ माणसे होती. सटाण्याची म्हातारी त्याच सकाळी आली होती. ती चौकाच्या कडेला काठी मांडीवर घेऊन बसली होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "रावसाहेब, बंदूक आत नेता येणार नाही."

"परवाना आहे." त्यांनी तो काढून माझ्यापुढे धरला.

मी वाचला. सगळे बरोबर होते. मी तसे सांगितले. पण जागा खासगी आहे आणि जागेचा हा नियम आहे, म्हणालो. ते दगडाकडे पाहून हसले. "मग घे ना. ठेव तुझ्याकडे आणि दे बिल्ला. एवढंच ना?"

सगळे सुटल्यासारखे हसले. खरे सांगतो, मलाही सुटल्यासारखे वाटले. माझा हात खिळ्यांकडे गेलासुद्धा. सोळापर्यंत बिल्ले दिलेले होते. हात सतरावर गेला, आणि तिथे काहीच नव्हते.

मी हात मागे घेतला. "मलाही घेता येत नाही, रावसाहेब. परवान्यावर माझं नाव नाही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. कायदा त्यांना माहीत होता. म्हणूनच बंदूक ड्रायव्हरच्या हाती न देता ते स्वतः वागवत होते. मी म्हणालो, वळणावर ठाणे आहे, तिथे पावती देऊन ठेवून घेतात. आपण येईपर्यंत मी खोल्या झाडून ठेवतो. हे मी मदत म्हणून बोललो, पण त्यांचा चेहरा उतरला. "इनामदाराची बंदूक ठाण्यात गेली, तर गावात काय म्हणतील माहीत आहे? जप्त झाली म्हणतील. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरातली बंदूक ठाण्याची पायरी चढलेली नाही." मग ते देवडीतल्या बाकावर बसले. बंदूक गुडघ्यांवर आडवी. म्हणाले, शेठजींना बोलाव.

शेठजी मुंबईला होते. दामोदरपंत बाजारात. आता मीच मालकाचा माणूस होतो. पाठ केलेले वाक्य आठवत होते, पण ते घाटावर जितके सोपे होते तितके राहिले नव्हते. हे शेठजींचे व्याही. माझी खोली, माझी खिडकी, तोंडावर आलेली परीक्षा, वडिलांची फुलांची पाटी, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. तरी मी म्हणालो. शब्द नीट आले.

"बंदूक घेऊन आपल्याला इथं थांबता येणार नाही. आपण बाहेर जावं."

कोणी हसले नाही. रावसाहेब हळूच म्हणाले, "दगडावर पहिला शब्द काय आहे, वाच." मी वाचला. त्यांनी चौकाच्या कडेला बोट दाखवले. "मग ती म्हातारी काठी घेऊन आत कशी? तिला वेगळा दगड आहे काय? की तुझी मर्जी म्हणजेच नियम?"

ते बरोबर बोलत होते. मी एवढेच म्हणालो, "ती चूक माझी आहे. त्याबद्दल पंचांना जरूर सांगा. पण त्या चुकीच्या वाटेने बंदूक आत जाणार नाही."

म्हातारी सगळे ऐकत होती. ती उठली. काठी टेकत देवडीत आली आणि ती काठी तिने माझ्या पुढ्यातल्या वहीवर ठेवली.

"घे बेटा, मनी बी ठेव," ती म्हणाली. मग रावसाहेबांकडे वळून तिने बोटाने खूण केली, आता तुमची. एवढे करून ती परत निघाली. भिंत धरून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मधे एकदा ती थांबली, दम घेतला, पुन्हा निघाली. या वेळी मी दार सोडून धावलो आणि तिचा हात धरला. म्हणजे त्या क्षणी दार उघडे होते आणि बंदूकवाला माणूस आत होता. ज्यांना मी फार शूर वाटतो त्यांनी हेही लक्षात घ्यावे.

मी परतलो तेव्हा रावसाहेब उठले होते. ते वळले, आणि तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. त्या हातात तांबड्या फडक्याने तोंड बांधलेला लहान तांब्या होता. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारे लोक मी रोज पाहतो. तो तांब्या मी शंभर पावलांवरून ओळखतो. मी इतका वेळ फक्त बंदूक पाहत होतो.

मोटार निघून गेली. ते आपल्या उपाध्यांच्या घरी उतरले, आईचे विधी तिथूनच झाले, असे नंतर कळले.

चौथ्या दिवशी शेठजींचा निरोप आला. दामोदरपंतांनी तो मला उभ्या उभ्या सांगितला. रविवारच्या आत रावसाहेबांना माफीचे पत्र लिहायचे, नाहीतर खोली रिकामी करायची. पंत पुढे म्हणाले, "लिही बाबा दोन ओळी. शब्द काय, वाऱ्यावर जातात."

मी दोन दिवस विचार केला. बंदूक अडवल्याची माफी मागितली, तर लहानूची बंदूक मी ठेवून घेतली तेच बरोबर होते असे म्हटल्यासारखे होईल. पण माफी मागण्यासारखे काहीच नव्हते असेही नव्हते. शेवटी लिहिले: ‘आपण आईच्या अस्थी हातात घेऊन दारात आलात आणि मी आपल्याला पाणीसुद्धा विचारले नाही. देवडीवाल्याचे ते पहिले काम. ते चुकले, त्याबद्दल क्षमा असावी. बंदूक घेऊन कोणी पुन्हा आले तर मला पुन्हा अडवावे लागेल.’ पंतांनी वाचून कपाळाला हात लावला. म्हणाले, हे माफीपत्र नव्हे. पण त्यांनी ते धर्मशाळेच्या गड्याकरवी उपाध्यांच्या घरी पाठवले. मी पुस्तके धोतरात बांधून ठेवली.

शनिवारी सकाळी रावसाहेब चालत आले. क्षौर केलेले, अंगावर साधे उपरणे, हातात चांदीच्या मुठीची काठी. बंदूक नव्हती. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"त्या दिवशीचं पाणी राहिलंय," ते म्हणाले.

मी तांब्याभांडे आणले. ते उभ्यानेच प्याले, सगळे. मग आत आले आणि काठी माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, आधाराला लागत असेल तर असू द्या. "पाय धड आहेत माझे. घे." मी काठी घेतली आणि अठरा नंबरचा बिल्ला दिला. बंदूक कुठे आहे, हे मी विचारले नाही. दुपारी कासमभाई वही तपासायला आले, तेव्हा कोणाला उद्देशून नाही अशा तऱ्हेने म्हणाले, ठाण्यात एक दुनळी आली आहे, मालकाने स्वतः तेल लावून ठेवली.

रविवार आला आणि गेला. खोलीबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही. सोमवारी पंत माझ्या दारात डोकावून म्हणाले, "गाठोडं सोड. पुस्तकांना कसर लागेल." पुढच्या बैठकीत पंचांनी काठीचा प्रश्न घेतला, आणि वहीच्या मागच्या पानावर, लिंबाच्या निवाड्याखाली, पंतांच्या अक्षरात एक ओळ आली: पायाला आधार देते ती काठी नव्हे, पायच समजावा. म्हातारीने पहिल्याच वर्षी हेच सांगितले होते.

गावातले लोक म्हणतात, फुलमाळ्याच्या पोराने इनामदाराला बाहेर काढले. मला त्यात फार अभिमान वाटत नाही. इनामदाराने माझे सहजी ऐकले नाही, आणि त्याचे काहीच बिघडले नाही. लहानूने माझे ऐकले.

परीक्षा झाली, निकालही बरा लागला. या दिवाळीच्या सुटीत मी घरी जाण्याआधी हरसूलला जाणार आहे, आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, म्हणजे लहानू भेटेल. त्याची बंदूक त्याला परत मिळाली आहे की नाही, हे मी कासमभाईंना विचारले. ती अजून ठाण्यातच आहे. चौकशी कधीच संपली, पण सोडवायला मालकाचा वेगळा अर्ज लागतो आणि तो कोणी केलेला नाही. अर्ज मी लिहून ठेवला आहे, या वेळी मराठीत, त्याला वाचून दाखवता येईल असा. अंगठा त्याचा हवा. तो घेतल्याशिवाय मी परत येणार नाही.

बिल्ला मागणार नाही. त्याने दिलाच, तर सतरा नंबरचा खिळा भरेल.